कैदी मुद्रक जॉर्ज हाउ: सिडनीचे पहिले वर्तमानपत्र प्रत्यक्षात कसे निघत असे

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियातले पहिले वर्तमानपत्र काढणारा जॉर्ज हाउ जन्मठेपेचा कैदी होता, मग सरकारने छापखाना त्याच्या हाती दिला कसा? एकटा माणूस दर आठवड्याला अंक कसा काढत असे? आणि त्याचे पत्र म्हणजे गव्हर्नरचा नुसता भोंगाच होता का?

थोडक्यात सांगायचे तर वसाहतीत छपाईचे काम पक्के येणारा दुसरा कोणी हाताशी नव्हता. शंभर प्रतींचे साप्ताहिक एक तयार मुद्रक आणि एक मदतनीस यांना झेपते. भोंगा तो होताच, पण त्या पत्राला सेन्सॉरपेक्षा कागदाने जास्त वेळा गप्प केले. हाउबद्दलच्या लोकप्रिय लेखांत ही शेवटची गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. माझ्या मते त्याचे चरित्र तिथूनच उलगडायला लागते.

आधी माणूस. हाउचा जन्म १७६९ चा, वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावरचा. बाप तिथे सरकारी मुद्रक होता, त्यामुळे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) आणि शाई घरातलीच. १७९० च्या सुमारास तो लंडनला गेला आणि तिथल्या छापखान्यांत काम करू लागला. १७९९ च्या मार्चमध्ये वॉरिकच्या न्यायालयात दुकानातल्या चोरीबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मभराच्या काळ्या पाण्यावर आली. 'रॉयल अॅडमिरल' जहाजाने तो १८०० च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीला उतरला. बायको प्रवासातच वारली; बरोबर लहान मुलगा रॉबर्ट होता.

छापयंत्र मात्र त्याच्या आधी बारा वर्षे तिथे पोचले होते. १७८८ मध्ये कैद्यांचा पहिला ताफा आला, त्यातच एक लहान लाकडी यंत्र होते. ते चालवणारा माणूस पाठवायचे कोणाला सुचले नाही, त्यामुळे काही वर्षे ते पडून राहिले. पुढे गव्हर्नर हंटरच्या काळात जॉर्ज ह्यूज नावाच्या माणसाने त्यावर सरकारी हुकूम आणि नाटकांची हस्तपत्रके छापली. ३० जुलै १७९६ च्या नाट्यप्रयोगाचे असे एक पत्रक २००७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले. ऑस्ट्रेलियात छापलेला तो आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना कागद मानतात.

हाउ आला आणि लगेच सरकारी मुद्रक झाला. यात दयामाया काही नव्हती. गव्हर्नर किंगला हुकूम शेकड्यांनी काढावे लागत, आणि ते हाताने नकलून वाटायचे म्हणजे लेखनिकांची फौज हवी. १८०२ मध्ये हाउने त्या हुकमांचे पुस्तक छापले. ऑस्ट्रेलियात छापलेले पहिले पुस्तक ते. काम जमते हे दिसल्यावर किंगने वर्तमानपत्राला परवानगी दिली. विलायतेतल्या वरिष्ठांना किंगने मे १८०३ मध्ये जे कळवले, त्याचा मतितार्थ असा: रहिवाशांना उपयुक्त माहिती मिळावी म्हणून सरकारी छापखाना सांभाळणाऱ्या एका हुशार माणसाला दर आठवड्याला मजकूर गोळा करायची मुभा दिली आहे, आणि तो मजकूर एक अधिकारी तपासतो. किंगच्या या पत्रात 'अंक काढला' असे म्हटलेले नाही, 'मुभा दिली' असे म्हटले आहे, हे ध्यानात ठेवा. यंत्र सरकारचे, खिळे सरकारचे, जागा सरकारची. धंद्याचा तोटा तेवढा हाउचा.

'सिडनी गॅझेट अँड न्यू साउथ वेल्स अॅडव्हर्टायझर'चा पहिला अंक शनिवार, ५ मार्च १८०३ रोजी निघाला. फुलस्केप आकाराची चार पाने, किंमत सहा पेन्स, प्रती शंभरच्या आसपास. माथ्यावर 'अधिकृतरीत्या प्रसिद्ध' अशी ओळ आणि लाकडात कोरलेले चित्र, त्यात 'अशाने आमची भरभराट होईल ही आशा' या अर्थाचे बोधवाक्य. पहिल्याच निवेदनात त्याने स्पष्ट सांगून टाकले की राजकीय चर्चेला आणि कोणावर व्यक्तिगत टीका करायला इथे वाट मिळणार नाही. माहिती देणे एवढाच हेतू.

आता अंक निघायचा कसा ते पाहू. इथे हाताच्या छपाईची माहिती नसली की माणूस भलतेच निष्कर्ष काढतो.

चार पानी अंक म्हणजे एकच मोठा ताव, मधोमध एकदा दुमडलेला. तावाच्या एका बाजूला पान ४ आणि पान १ शेजारी-शेजारी, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. म्हणजे दोन फर्मे (एका वेळी छापायची, चौकटीत आवळलेली जुळवणी म्हणजे फर्मा). फुलस्केप पानावर छापील मजकुराची जागा अंदाजे ७ इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच, म्हणजे ८० चौरस इंच धरा. खिळ्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की एक पौंड वजनाचे खिळे साधारण ४ चौरस इंच भरगच्च मजकूर व्यापतात. तर एका पानाला २० पौंड, चार पानांना ८० पौंड. शिवाय केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, निम्मे तरी खिळे शिल्लक लागतात, कारण भाषेत सगळी अक्षरे सारखी लागत नाहीत. खणात q ढीगभर असतात आणि e संपलेले असतात. या हिशोबाने चारही पाने एकदम उभी करायला १२० पौंडांच्या आसपास खिळे हवेत.

वसाहतीतल्या छोट्या छापखान्याकडे इतका साठा क्वचित असे. तेव्हा रिवाज असा: बाहेरचा फर्मा, म्हणजे १ आणि ४ ही पाने, आधी जुळवायचा. त्यावर सरकारी हुकूम आणि जाहिराती. हा मजकूर आठवड्याच्या सुरुवातीलाच हाती असतो. तो छापायचा, खिळे धुऊन परत आपापल्या खणांत टाकायचे, आणि त्याच खिळ्यांनी आतली दोन पाने जुळवायची. म्हणून अशा पत्रांत ताजी बातमी पहिल्या पानावर शोधायची नसते, आत शोधायची असते. बंदरात आलेले जहाज, बुडालेली होडी, कोर्टातला निकाल, हे सगळे पान २ आणि ३ वर. आजच्या सवयीने कोणी पहिले पान वाचून 'यात बातम्याच नाहीत' म्हणतो, तेव्हा तो चुकीच्या दाराशी उभा असतो.

वेळेचा हिशोबही करून पाहा. साधारण १० पॉइंटचा खिळा धरला तर पानात आठ हजारांच्या आसपास अक्षरे बसतात. मथळे आणि मोकळ्या जागा वजा करून चार पानांची तीस हजार धरू. चांगला कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, तासाला हजार अक्षरे जुळवतो. म्हणजे तीस तास. खिळे परत खणांत टाकायला याच्या चौथाई वेळ. मुद्रिते (तपासणीसाठीच्या कच्च्या प्रती) काढणे आणि सुधारणे वेगळेच. हाउ बातमी गोळा करणारा, लिहिणारा, जुळवणारा आणि मुद्रिते तपासणारा असा चौघांचा एकटा होता. त्याचा आठवडा इथेच संपत असणार.

छापायला मात्र त्या मानाने फार वेळ लागत नाही. लाकडी यंत्राची रचना साधी: दोन जाड खांब, वर-खाली आडव्या तुळया, मधून उभे मळसूत्र, त्याला दांडा, आणि खाली दाब देणारा लाकडी पाटा. मजकुराचा फर्मा एका सपाट शिळेवर बसवलेला असतो आणि ती शिळा सरकत्या गाड्यावर. कागद धरायला चर्मपत्राने मढवलेली बिजागरीची चौकट. तिच्यावर दुसरी पातळ चौकट, जिच्यात मजकुरापुरत्याच खिडक्या कापलेल्या असतात. समास स्वच्छ राहतो तो हिच्यामुळे. एकाने लोकर भरलेल्या कातडी बोंड्यांनी शाई लावायची, दुसऱ्याने ताव ठेवून चौकट मिटायची, गाडा आत सरकवून दांडा ओढायचा. मळसूत्राची ताकद मर्यादित असल्यामुळे पाटा तावाच्या अर्ध्याच भागावर दाबतो. म्हणून एक ओढ, गाडा थोडा पुढे, मग दुसरी ओढ. तावाच्या दोन्ही बाजू धरल्या तर प्रतीमागे चार ओढी.

लंडनच्या छापखान्यात सराईत जोडी तासाला अडीचशे ताव एका बाजूने छापते, असे हिशोबाला धरत. सिडनीत झिजके यंत्र आणि शिकाऊ मदतनीस असताना याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा वेग धरला तरी शंभर तावांची एक बाजू सव्वा तासात होते. दोन बाजूंना अडीच तास. अंकाचा खरा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतचाच असतो. पुढच्या प्रत्येक प्रतीला लागतो फक्त एक ताव.

आणि तोच मिळत नव्हता.

आठवड्याला शंभर ताव, वर्षाचे बावन्न अंक, म्हणजे ५,२०० ताव. ४८० तावांचे रीम धरले तर अकरा रिमेसुद्धा पुरी होत नाहीत. वाया जाणारे ताव धरा, बारा रिमे म्हणा. एवढा कागद एका बैलगाडीत मावतो. तरी सिडनीत तो कित्येकदा नसे, कारण वसाहतीत कागद बनत नव्हता. जे येई ते विलायतेहून पाच-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने, नाहीतर कलकत्ता आणि चीनकडून येणाऱ्या व्यापारी जहाजांतून. मागणीचे पत्र पाठवून माल हाती पडायला वर्ष सहज जाई. हाउ कधी या आकाराचा, कधी त्या आकाराचा, मिळेल तो कागद वापरी. गावात कोणाकडे असेल तो कागद विकत घेऊ, ओलीने बुरशी धरून लिहायला निकामी झालेला असला तरी चालेल, अशा आशयाची जाहिरातही तो देई.

ही जाहिरात वाचून लोक हळहळतात, पण तीत मुद्रकाचे शहाणपण आहे. लिहिण्याच्या कागदाला त्या काळी जनावराच्या सरसाचा थर देत, म्हणजे टाकाची पाण्यासारखी शाई पसरत नाही. जहाजाच्या तळघरात ओल लागली की बुरशी आधी हा सरस खाते. त्यावर टाकाने लिहायला गेले की शाई फुटते. छापायची शाई तेलाची; तिला सरसाची गरज नसते. उलट छपाईसाठी कागद मुद्दाम ओलसर करावाच लागतो. आदल्या दिवशी काही ताव पाण्यातून काढायचे, कोरड्या तावांच्या मध्ये घालून थप्पी करायची, वर वजन ठेवून रात्रभर मुरू द्यायची. चिंध्यांपासून केलेला जाड, खरखरीत कागद असा मऊ झाला की थोड्या दाबात शाई उचलतो. पाणी जास्त झाले तर शाई बसत नाही. कमी झाले तर अक्षर तुटक येते. सिडनीच्या उन्हाळ्यात थप्पीच्या कडा आधी वाळतात, आणि मग एकाच तावावर मधला मजकूर गडद, कडेचा फिका असा छापला जातो. सरस गेलेला कागद मुरवताना पाणी भराभर पितो, म्हणून त्याला कमी भिजवावे लागते, एवढीच काळजी.

शाईची कथा वेगळी. चांगली छापशाई म्हणजे अळशीचे तेल तार धरेपर्यंत उकळून केलेले रोगण, त्यात राळ आणि दिव्याची काजळी. हे उकळणे घराबाहेर करत, कारण तेल पेट घेते. हाउकडे आयात शाई संपली की तो कोळशाची पूड, डिंक आणि शार्क माशाचे तेल वापरून काम भागवी, अशी जुनी हकीकत सांगतात. हकीकत खरी धरली तर परिणाम काय होतील हे कोणताही मुद्रक सांगेल. कोळशाची पूड काजळीइतकी बारीक होत नाही. तिची कच खिळ्यांच्या पोकळ्यांत भरते आणि e, a, o यांची पोटे काळी होतात. माशाचे तेल अळशीसारखे वाळून घट्ट होत नाही. अक्षराभोवती पिवळट डाग उमटतो, आणि दुमडलेल्या अंकात समोरच्या पानावर ठसा लागतो.

झिजलेल्या खिळ्यांचा उपाय म्हणजे चौकटीत लोकरीच्या कापडाची जाड गादी घालून दाब वाढवणे. त्याने अक्षर उठते खरे, पण पातळ कागदावर मागून खड्डे पडतात आणि दुसऱ्या बाजूचा मजकूर वाचायला त्रास होतो. कोरड्या हवेत लाकडी पाटा वाकला की एका कोपऱ्याला दाब कमी पडतो. तिथे चौकटीच्या आत कागदाचे तुकडे चिकटवून पातळी भरून काढावी लागते. आपल्याकडचे ट्रेडलवाले, म्हणजे पायाने चालणाऱ्या छापयंत्रावरचे मुद्रक, ज्याला मेकरेडी म्हणत, तेच हे काम.

कागदामुळे पत्र किती गप्प झाले याचे सर्वांत मोठे उदाहरण १८०७-०८ चे. १८०७ च्या ऑगस्टअखेर गॅझेट बंद पडले ते १५ मे १८०८ लाच पुन्हा निघाले. मधल्या काळात, २६ जानेवारी १८०८ रोजी, न्यू साउथ वेल्सच्या पलटणीने गव्हर्नर ब्लायला त्याच्याच बंगल्यात अटक केली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात लष्कराने सत्ता उलथवल्याचे हे एकमेव बंड, आणि वसाहतीतल्या एकमेव वर्तमानपत्रात त्याची त्या वेळची एक ओळ नाही. पुष्कळ जण सहज लिहून जातात की बंडखोरांनी पत्र दाबले. तारखा पाहा: पत्र बंडाच्या पाच महिने आधीच थांबले होते. पुन्हा सुरू झाले ते बंडखोरांच्या सत्तेखाली, आणि 'अधिकृतरीत्या प्रसिद्ध' ही ओळ तीच राहिली. अधिकारी तेवढे बदलले.

आता सेन्सॉरकडे. मजकूर गव्हर्नरच्या माणसाने पाहिल्याशिवाय छापायचा नाही, हा नियम पहिल्या अंकापासून होता आणि हाउच्या हयातीत तो उठला नाही. ही पद्धत सिडनीची खास नव्हे. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९ मध्ये हाच नियम वर्तमानपत्रांना लावला होता: सरकारच्या सचिवाने आधी पाहायचे, मगच छापायचे. तिथे नियम मोडणाऱ्याला युरोपला परत पाठवण्याची धमकी असे. सिडनीच्या कैदी मुद्रकाला ही शिक्षा दिली असती तर त्याने आनंदाने सामान बांधले असते.

पूर्वतपासणीचा परिणाम छापखान्याच्या बाजूने पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. जुळवलेल्या पानातला एक परिच्छेद अधिकाऱ्याने खोडला तर तिथे भोक पडते. ते भरायला पुढच्या सगळ्या ओळी वर सरकवाव्या लागतात, स्तंभ बदलतात, कधी पूर्ण पान उकलावे लागते, आणि हे सगळे प्रसिद्धीच्या आदल्या रात्री. एकट्या कंपोझिटरला हे दोनदा सोसत नाही. मग तो दोन उपाय करतो. एक, केव्हाही टाकता येईल असा मजकूर जुळवून तयार ठेवतो: कविता, शेतीचा सल्ला, विलायती पत्रांतले जुने उतारे. गॅझेटमध्ये अशा भरताडाची रेलचेल आहे ती यामुळेही. दुसरा उपाय म्हणजे खोडला जाईल असा मजकूर मुळात जुळवायचाच नाही. हाउच्या सावधपणाला भित्रेपणा म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे. अर्थात त्याच्या डोक्यावर दुसरी टांगती तलवार होतीच: त्याला सशर्त माफी १८०३ मध्ये मिळाली आणि पूर्ण माफी १८०६ मध्ये. तोपर्यंत त्याचे स्वातंत्र्य तपासणाऱ्याच्याच हाती होते.

म्हणून तो निर्दोष ठरतो असे नाही. १८०४ च्या मार्चमध्ये कॅसल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला. ११ मार्चच्या अंकातली हकीकत सरकारी बाजूची आहे, तरी तपशिलाला भरपूर आहे. ३ जानेवारी १८१३ ला बेनेलाँग हा प्रसिद्ध आदिवासी पुरुष वारला, त्यावर आठवड्याभरात गॅझेटने जे छापले ते मृत्युलेख म्हणावे की शिवीगाळ, असा प्रश्न पडतो. ते कोणा सेन्सॉरने लिहायला लावलेले दिसत नाही. वसाहतीचा गर्व हाउच्याही अंगी होता, हे मान्य करूनच त्याचे अंक वाचावेत.

पैशाचे काय? अंकाचे सहा पेन्स, पण वसाहतीत नाण्यांचाच दुष्काळ. १८०० च्या नोव्हेंबरमध्ये किंगने चलनात असलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या नाण्यांचे दर जाहीर केले. त्यात आपली नाणीही आहेत: सोन्याची मोहर ३७ शिलिंग ६ पेन्स, होन ८ शिलिंग, रुपया २ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे एका रुपयात गॅझेटचे पाच अंक. प्रत्यक्षात वर्गणीदार धान्य देत किंवा काहीच देत नसत. थकबाकीबद्दलची विनवणी गॅझेटच्या स्तंभांत पुन्हा पुन्हा येते. सरकारी मुद्रक असूनही त्याला ठरलेला पगार मिळाला तो गव्हर्नर मॅक्वारीच्या काळात, १८११ मध्ये, वर्षाला ६० पौंड. तोपर्यंत त्याने स्टेशनरीचा व्यापार केला, इतरांची येणी वसूल करून दिली, शाळाही चालवून पाहिली. स्वतःची वर्गणी वसूल न होणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या वसुलीचा धंदा करावा, यातला विनोद सिडनीकरांना नक्की कळला असेल.

पुढे दिवस पालटले. १८१२ मध्ये त्याने सारा विल्स या व्यापारी घरातल्या विधवेशी लग्न केले. पॅसिफिक बेटांवरून येणाऱ्या चंदनाच्या व्यापारात त्याने पैसा घातला, आणि १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स निघाली तेव्हा पहिल्या भागधारकांत त्याचे नाव होते. वर्तमानपत्राने त्याला श्रीमंत केले असे म्हणणे चूक. वर्तमानपत्रामुळे बंदरात येणाऱ्या प्रत्येक मालाची खबर त्याला आधी मिळत असे, हा फायदा मात्र मोठा होता. छापण्याचे इतर कामही चालूच राहिले. १८०६ चे पंचांगवजा खिशातले कॅलेंडर आणि १८१३ चे चित्रकार लुइनचे पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक ही त्यातली नावाजलेली.

हाउ ११ मे १८२१ ला वारला. पत्र रॉबर्टकडे गेले. पूर्वतपासणी १८२४ मध्ये गव्हर्नर ब्रिस्बेनच्या काळात उठली. त्याच वर्षी वेंटवर्थ आणि वॉर्डेल या वकिलांनी परवानगी न मागता 'द ऑस्ट्रेलियन' काढले. रॉबर्ट १८२९ च्या जानेवारीत होडी उलटून बुडाला, त्याच्या बायकोने, अॅनने, काही वर्षे कारभार पाहिला, आणि १८४२ मध्ये गॅझेट बंद पडले.

आपल्याकडच्या वाचकाला हाउची तुलना कलकत्त्याच्या हिकीशी करायचा मोह होतो. हिकीने १७८० मध्ये 'बेंगॉल गॅझेट' स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जोखमीवर काढले, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जशी वैर घेतले आणि तुरुंगात बसूनही अंक काढत राहिला, शेवटी १७८२ मध्ये त्याचे खिळे जप्त झाले. हाउचा मार्ग बरोबर उलटा, तुरुंगाकडून छापखान्याकडे. त्याची जवळची जोडी टास्मानियातली आहे: अँड्र्यू बेंट, हाही कैदी मुद्रक, ज्याने १८१६ पासून होबार्टचे गॅझेट काढले, पुढे तपासणी झुगारली आणि १८२५ मध्ये बदनामीच्या खटल्यात तुरुंग भोगला. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या 'दर्पण'शी मात्र हाउला जोडू नये. ते स्वदेशीयांच्या ज्ञानासाठी शिक्षकाने काढलेले मराठी-इंग्रजी पत्र. हे वसाहतीच्या कारभारासाठी सरकारी यंत्रावर निघालेले. 'पहिले' हा एवढा एकच शब्द दोघांत समान आहे.

मूळ अंक पाहायचे असतील तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संग्रहात सिडनी गॅझेट १८०३ पासून मोफत वाचता येते. वाचताना क्रम उलटा ठेवा: आधी २ आणि ३ ही पाने, मग ४ थ्या पानावरच्या जाहिराती, शेवटी पहिल्या पानावरचे हुकूम. संगणकाने पानाच्या चित्रावरून ओळखलेल्या मजकुरावर विसंबू नका. भरलेली e आणि तुटकी c यांत संगणक गोंधळतो, म्हणून एखादे नाव शोधताना त्याची दोन-तीन चुकीची रूपेही टाकून पाहा, आणि काही सापडले की पानाचे चित्र उघडून स्वतः वाचा.